अंगावरून जास्त जाते? सोसत बसू नका, पिशवी काढण्याची घाईही नको

जून २०१९ मध्ये राज्याच्या विधान परिषदेत एक आकडा सांगितला गेला आणि बीड जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचले. तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहाला माहिती दिली की, २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढण्यात आल्या. त्यानंतर उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यापैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशभरात १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

या बायका दवाखान्यात गेल्या तेव्हा त्यांची तक्रार काय होती? आपल्या कोणत्याही घरात ऐकू येते तीच. अंगावरून जास्त जाते. ओटीपोटात दुखते. पांढरे जाते. कंबर धरते. एवढ्यावरून कित्येकींना सांगण्यात आले की, पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. अनेकींचे वय तेव्हा चाळिशीच्या आत होते, काहींचे तर तिशीच्याही आत.

दसरा-दिवाळीनंतर बीड, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. कोपीजवळ संडास नाही, पुरेसे पाणी नाही, कपडा बदलायला आडोसा नाही. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे. अशा ठिकाणी दर महिन्याचे चार-पाच दिवस ही फार मोठी अडचण होऊन बसते. मग "एकदाची पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्ला बाईला, घरच्यांना आणि मुकादमालाही सोयीचा वाटतो. त्यात मुलींची लग्ने लवकर, मुले लवकर. पंचविशीत बाईला वाटू लागते की, आता मुले झाली, पिशवीचे काय काम?

आपल्या घरातून कोणी ऊसतोडीला जात असेल किंवा नसेल, हा प्रश्न आपल्याही दारात उभा आहे. जास्त रक्त जाणाऱ्या बाईसमोर आपल्याकडे दोनच वाटा ठेवल्या जातात. एक तर वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसायचे, नाहीतर थेट पिशवी काढायची. या दोन टोकांच्या मधे उपचारांच्या अनेक पायऱ्या आहेत आणि बहुतेक बायकांचे दुखणे त्या मधल्याच पायऱ्यांवर बरे होते. त्या पायऱ्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असाव्यात, म्हणून हा लेख.

जास्त म्हणजे किती?

पाळीच्या सगळ्या दिवसांत मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. छोटा चहाचा कप अर्धा भरेल, एवढेच. ८० मिलिलिटरच्या पुढे गेले तर ते जास्त मानले जाते. पण घरी कोणी रक्त मोजत नाही. म्हणून डॉक्टर आता दुसराच प्रश्न विचारतात: पाळीमुळे तुमची रोजची कामे अडतात का? अडत असतील तर ते जास्तच समजायचे.

पुढच्या खुणांपैकी एक जरी महिन्यामागून महिने दिसत असेल तरी तपासणी करून घ्या.

– पॅड किंवा कपडा एक-दोन तासांतच पूर्ण भिजतो आणि असे सलग काही तास चालते.
– एका वेळी दोन पॅड किंवा दुहेरी घडी घ्यावी लागते.
– रात्री केवळ कपडा बदलण्यासाठी उठावे लागते, अंथरूण खराब होते.
– एक रुपयाच्या नाण्याहून मोठ्या रक्ताच्या गाठी पडतात.
– पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते.
– दोन पाळ्यांच्या मधे किंवा पती-पत्नी संबंधानंतर रक्त दिसते.
– पाळीच्या दिवसांत मुलगी शाळेत जाऊ शकत नाही, बाई शेतात, कामावर किंवा लग्नकार्यात जायला घाबरते.

"माझ्या अम्मीलाही असेच जायचे, आमच्या घरात असेच असते," असे म्हणून आपण पुष्कळदा विषय मिटवतो. पण आईला जास्त जात होते म्हणून लेकीचे जास्त जाणे ठीक ठरत नाही. कदाचित दोघींनाही एकच आजार असेल आणि आईचा कधी तपासलाच गेला नसेल.

नमाजचा हिशेब आणि तब्येतीचा हिशेब

आपल्या घरांतल्या बायका एक गोष्ट लहानपणापासून शिकतात, ती म्हणजे दिवस मोजणे. हैज कधी सुरू झाला, कधी थांबला, गुस्ल कधी करायचे, रमजानचे किती रोजे राहिले. हा हिशेब डॉक्टरांच्या फार कामाचा असतो. फक्त त्यात एक घोटाळा होतो, तो समजून घेतला पाहिजे.

हनफी मसलकमध्ये हैजची मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवस आहे. शाफई मसलकमध्ये ती पंधरा दिवसांपर्यंत जाते. त्यापुढे जे रक्त जाते त्याला इस्तिहाजा म्हणतात आणि त्यात नमाज-रोजा माफ नसतो. यावरून अनेक बहिणी असे धरून चालतात की, दहा दिवसांपर्यंत रक्त जाणे हे अगदी नॉर्मल, काळजीचे कारण नाही. इथेच गफलत होते. ही मुदत इबादतीसाठी आहे. नमाज कधी सोडायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे त्यावरून ठरते. शरीर निरोगी आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही. दर महिन्याला नऊ दिवस रक्त जाणारी बाई फिकहच्या दृष्टीने हैजमध्येच असेल, पण डॉक्टरांच्या दृष्टीने तिला तपासणीची गरज आहे.

इस्तिहाजाचा विषय आपल्या दीनमध्ये लपवलेला नाही. फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनी आपले रक्त थांबत नसल्याचे स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांना सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की हे हैज नसून एका रगेतून येणारे रक्त आहे; नेहमीचे दिवस संपले की धुऊन नमाज सुरू करावी. उम्मे हबीबा बिन्त जहश (रजि.) यांना हा त्रास सात वर्षे होता आणि त्यांनीही विचारले. हमना बिन्त जहश (रजि.) यांनीही विचारले. या प्रश्नांतूनच उम्मतला पुढचे मसले समजले. ह. आयेशा (रजि.) यांनी अन्सार स्त्रियांची तारीफ केली ती याच गोष्टीसाठी की, लाजेमुळे त्या दीनची समज घेण्यापासून मागे राहिल्या नाहीत. ज्या गोष्टी प्रेषितांना (स.) विचारता आल्या, त्या डॉक्टरांना विचारण्यात कसली लाज?

म्हणून आजपासून एका वहीत किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार गोष्टी लिहा: पाळी कोणत्या तारखेला आली, कोणत्या तारखेला थांबली, रोज किती पॅड किंवा कपडे बदलले, आणि गाठी पडल्या का. तीन महिन्यांची ही नोंद घेऊन गेलात तर डॉक्टरांचे निम्मे काम झालेले असते. त्याच नोंदीवरून आलिम किंवा आलिमा यांना नमाज-रोज्याचा मसलाही विचारता येईल.

रमजानचे सगळे रोजे पूर्ण व्हावेत किंवा उमरा-हजच्या प्रवासात अडचण येऊ नये म्हणून अनेक बायका मेडिकलवरून पाळी लांबवण्याच्या गोळ्या आणतात. गोळी बंद झाल्यावर येणारी पाळी काही जणींना फार जास्त जाते. मधेच डागडूग सुरू झाले तर आणखी गोंधळ. रक्ताची गुठळी, यकृताचा आजार किंवा अर्धशिशी असलेल्या बाईने तर अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. सुटलेले रोजे नंतर ठेवण्याची सवलत मुळातच दिलेली आहे.

एवढे रक्त का जाते?

कारणे पुष्कळ आहेत आणि कॅन्सर हे त्यांतले कमी आढळणारे कारण आहे.

पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली दोन-तीन वर्षे बीज नियमित तयार होत नाही, त्यामुळे पाळी लांबते आणि मग एकदम जास्त जाते. बऱ्याच मुलींमध्ये हे आपोआप मार्गी लागते. पण पहिल्या पाळीपासूनच फार जात असेल, शिवाय नाकातून वारंवार रक्त येत असेल, दात काढल्यावर रक्त लवकर थांबत नसेल किंवा अंगावर सहज काळे-निळे डाग पडत असतील, तर रक्त गोठण्याच्या क्रियेत दोष असू शकतो. अशा मुलीची रक्ततपासणी करायलाच हवी. "लग्न झाले की सगळे ठीक होईल" हा यावरचा इलाज नाही.

तिशी-चाळिशीच्या बाईत पिशवीत साध्या गाठी असू शकतात. 'गाठ' शब्द ऐकून घाबरू नका, या गाठी जवळपास नेहमीच कॅन्सरच्या नसतात. कधी पिशवीच्या आत कोंबासारखी वाढ होते, तिला पॉलिप म्हणतात. कधी पिशवीचे आतले अस्तर तिच्या भिंतीत शिरते, मग पिशवी सुजल्यासारखी होते आणि पाळीत खूप दुखते. थायरॉइडचा बिघाड, पीसीओएस, वाढलेले वजन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ही आणखी कारणे. तांबी बसवल्यावरही पहिले काही महिने पाळी जास्त जाते.

चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षे ती पुढे-मागे होते. पण "आता पाळी जायची वेळ आली, असे होणारच" म्हणून जास्त जाणाऱ्या रक्ताकडे काणाडोळा करू नये. या वयात पिशवीच्या अस्तराची तपासणी लागू शकते. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. कॅन्सर असलाच तर तो लवकर सापडतो आणि बरा होण्याची शक्यता चांगली असते.

पांढरे जाणे हा वेगळा विषय आहे. वास, खाज, रंग बदलणे ही बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची लक्षणे असतात आणि ती औषधाने बरी होतात. पांढरे जाते म्हणून पिशवी काढायची, याला वैद्यकशास्त्रात आधार नाही.

रक्त कमी झाल्याच्या खुणा

जास्त रक्तस्रावाचे सगळ्यात मोठे नुकसान दिसत नाही, कारण ते हळूहळू होते. शरीरातले लोह संपत जाते. जिना चढताना धाप लागते. सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. छातीत धडधड होते, केस गळतात, चिडचिड वाढते, काही केल्या थकवा जात नाही. माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटतो. घरचे म्हणतात, ही आळशी झाली. खरे तर तिचे हिमोग्लोबिन सात-आठवर आलेले असते.

गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे असे समजतात आणि ८ पेक्षा कमी असेल तर ते गंभीर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी आढळले. म्हणजे आपल्या घरात चार बायका असतील तर त्यांपैकी दोघी यात असू शकतात.

खजूर, डाळिंब, बीट, मनुका खाव्यात, त्या चांगल्याच आहेत. पण हिमोग्लोबिन आठवर आले असेल तर केवळ खजुराने ते भरून येत नाही. त्याला लोहाच्या गोळ्या लागतात. या गोळ्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गोळी चहा किंवा दुधासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगली लागू पडते. शौचाला काळे होते, त्याने घाबरून गोळी बंद करू नये. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी, म्हणजे शरीरातला साठा भरतो. गोळी सोसत नसेल तर सलाइनमधून लोह देता येते. आहारात बाजरी, मेथी, चवळी, डाळी, मटण आणि कलेजी असावी. घरात मटण शिजले तर त्यातली कलेजी आधी मुलांना आणि पुरुषांना वाढली जाते. पाळी जास्त जाणाऱ्या बाईच्या ताटातही ती आली पाहिजे.

दवाखान्यात काय होते?

भीती पुष्कळदा माहिती नसल्यामुळे वाटते. डॉक्टर आधी तुमची नोंदवही पाहतील, प्रश्न विचारतील. लग्न झालेल्या बाईची लघवीची तपासणी करून गर्भ आहे का हे पाहिले जाते, कारण पाळी चुकल्यानंतरचा रक्तस्राव गर्भपाताचाही असू शकतो. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी. लग्न न झालेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून होते, आतून तपासणी करण्याची गरज नसते. आईने हे आधीच विचारून घ्यावे आणि मुलीला सांगावे. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या पिशवीच्या अस्तराचा छोटा तुकडा तपासायला पाठवावा लागू शकतो.

लेडी डॉक्टर मिळाल्या तर उत्तम. सरकारी दवाखान्यात तशी विनंती करता येते. नाहीच मिळाल्या तर गरजेपोटी पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्याला मुभा आहे. सोबत घरची बाई किंवा नर्स असावी, एवढे बघा. त्या एका कारणाने महिनोन्महिने दुखणे अंगावर काढू नका.

सुरुवात गावातल्या आशाताईपासून करता येते. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, मग बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ असतात.

मधल्या पायऱ्या

पहिली पायरी साध्या गोळ्यांची. ट्रानेक्सॅमिक ॲसिड ही गोळी फक्त रक्त जाण्याच्या दिवसांत घ्यायची असते आणि तिने रक्तस्राव निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतो. मेफेनॅमिक ॲसिडने दुखणेही कमी होते आणि रक्तही. ज्यांना कधी रक्ताची गुठळी झाली आहे त्यांनी पहिली, आणि ज्यांना पोटात अल्सर आहे त्यांनी दुसरी गोळी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी पायरी हार्मोनच्या गोळ्यांची. या पाळी नियमित करतात आणि रक्त कमी करतात. सरकारी केंद्रांत 'छाया' नावाने मिळणारी बिगर-हार्मोन गोळीही काही बायकांना यासाठी दिली जाते. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. शेजारणीला लागू पडली म्हणून आपण घ्यायची नाही.

तिसरी पायरी हार्मोन असलेल्या तांबीची. ती पिशवीत बसवली की काही वर्षे काम करते आणि बहुतेक बायकांचा रक्तस्राव फारच कमी होतो. पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या अनेक जणींची शस्त्रक्रिया या एका उपायाने टळते. मात्र पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग पडतात. नमाजचा मसला अडतो म्हणून काही बहिणी घाईने ती काढून टाकतात. आधीच माहिती असेल आणि आलिमांना विचारून ठेवले असेल, तर हे दिवस निभावता येतात.

चौथी पायरी छोट्या शस्त्रक्रियांची. पॉलिप असेल तर दुर्बिणीने तेवढाच काढता येतो. गाठ असेल तर पिशवी ठेवून फक्त गाठ काढता येते. थायरॉइड असेल तर त्याच्या गोळीने पाळीही जागेवर येते.

यानंतर शेवटची पायरी, पिशवी काढण्याची. कॅन्सर असेल, गाठी फार मोठ्या असतील, इतर सगळे उपाय करूनही रक्त थांबत नसेल, तर हीच शस्त्रक्रिया जीव वाचवते. तेव्हा ती टाळूही नये.

"पिशवी काढा" म्हटले तर

पिशवी काढली की बाळंतपण आणि पाळी थांबते, पण गोष्ट तिथे संपत नाही. सोबत बीजकोष काढले तर पाळी जाण्याच्या वेळचे सगळे त्रास एकदम सुरू होतात: अंगात गरम वाफा, झोप न लागणे, हाडे ठिसूळ होणे, पुढे हृदयविकाराचा धोका. बीजकोष ठेवले तरी ते काही जणींत वेळेआधी काम थांबवतात. तिसाव्या वर्षी हे झाले तर पुढची चाळीस वर्षे ते भोगायचे असते. बीडच्या कित्येक बायकांनी शस्त्रक्रियेनंतरही कंबरदुखी, सांधेदुखी आणि थकवा गेला नसल्याचे सांगितले. त्याच अंगाने त्यांना पुन्हा मोळी उचलावी लागली, आणि शस्त्रक्रियेचे कर्ज फेडायला पुढच्या हंगामाची उचल घ्यावी लागली.

म्हणून सही करण्याआधी हे प्रश्न विचारा:

– मला नेमका कोणता आजार आहे? तो कागदावर लिहून द्या.
– सोनोग्राफीत काय दिसले? अस्तराचा तुकडा तपासला का?
– गोळ्या किंवा हार्मोनची तांबी देऊन पाहता येईल का? नसेल तर का नाही?
– बीजकोष ठेवणार की काढणार?
– काढलेली पिशवी तपासणीला पाठवणार का? त्याचा अहवाल मला मिळेल का?
– आठ-पंधरा दिवस थांबले तर काही धोका आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "धोका नाही" असे आले, तर त्या दिवसांत दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, शक्यतो सरकारी रुग्णालयातल्या. संमती तुमची असते. नवरा, सासू, मुकादम किंवा दवाखान्यातला एजंट तुमच्या वतीने ती देऊ शकत नाही.

बीडच्या प्रकारानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यांनी ही शस्त्रक्रिया करू नये, असा आदेश जिल्हा प्रशासनाने काढला. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना तीन महिन्यांत त्या लागू करण्याचे आदेश दिले. कागदावर बाजू तुमची आहे. पण दवाखान्याच्या खोलीत तो प्रश्न तुम्हालाच विचारावा लागेल.

लगेच कधी जायचे?

पुढीलपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

– दर तासाला पॅड पूर्ण भिजते आणि हे दोन तासांहून जास्त चालले आहे.
– चक्कर येऊन पडणे, धाप, छातीत जोराची धडधड, अंग थंड पडणे.
– दिवस गेलेले असताना किंवा पाळी चुकलेली असताना रक्त जाणे, एका बाजूला जोराचे दुखणे.
– बाळंतपण किंवा गर्भपातानंतर जास्त रक्त, ताप, घाण वास.

घरातल्यांसाठी

हा लेख पुरुषांनीही वाचावा. बायको "आज उठवत नाही" म्हणते तेव्हा तिला किती दिवसांपासून जात आहे, हे विचारा. दवाखान्यात तिच्यासोबत जा, तिचे बोलणे तिलाच करू द्या, कागद मात्र सांभाळून ठेवा. सासूबाईंनी सुनेला आणि अम्मीने लेकीला "आम्हीही सोसले" असे सांगण्याऐवजी हिमोग्लोबिन तपासले का, हे विचारावे. मोठ्या मुलांनी अम्मीची दवाखान्याची तारीख लक्षात ठेवावी. रमजानमध्ये रक्त फार कमी असलेल्या बाईने रोजा ठेवावा की नाही, हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून ठरवा. आजाऱ्याला सवलत आहे, आणि ती घेतल्याबद्दल तिला कोणी टोमणा मारू नये.

ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींनी निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आधीच, उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि हंगामभर पुरतील एवढ्या लोहाच्या गोळ्या मागून घ्याव्यात. तपासणीचे कागद एका पिशवीत घालून सोबत न्यावेत. कारखान्याच्या भागातल्या सरकारी दवाखान्यातही ते चालतात आणि नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून सगळे सांगत बसावे लागत नाही.